दादाच्या कानाचं माप

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. चिमणीताईने दिवसातलं पहिलं पान नापास केलं आहे.

पान पाणीजोडणीच्या अर्जाचं होतं. अर्जासोबत घराचा नकाशा जोडायचा असतो, आणि तो जोडायचं बटण फक्त माउसने दाबलं जातं. कीबोर्डवरून तिथवर पोचताच येत नाही. म्हणजे ज्याला स्क्रीनवरचा बाण दिसत नाही त्याने नळाचा विचार सोडून द्यावा. तिने शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, 'परत. नकाशाचं बटण.' शेरा लांबला की वेबसाइट बनवणारे तो वाचत नाहीत, आणि उत्तर मात्र लांबलचक पाठवतात, हा तिचा अनुभव. मग तिने पुढचं पान उघडलं.

हा तपासणी कक्ष सरकारी कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर, स्टेशनरीच्या कोठीशेजारी आहे. कुठल्याही सार्वजनिक सेवेची वेबसाइट लोकांसाठी खुली होण्याआधी इथे येते. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा ज्याचे हात नीट चालत नाहीत, अशा माणसाला ती वापरता येईल का, हे इथे पाहिलं जातं. चिमणीताईच्या टेबलावरची ट्यूबलाइट दोन वर्षांपूर्वी गेली. ती बदलून घ्यावी असं तिला कधी सुचलं नाही. त्रास होतो तो शेजारच्या टेबलावरच्या माणसाला. त्याचा उजवा हात लुळा आहे, डोळे शाबूत आहेत, आणि 'हिच्या अंधाराचं भाडं मी भरतो' असं तो आल्यागेल्याला ऐकवतो.

ताई सत्तेचाळीस वर्षांची आहे. उंच, रुंद खांद्यांची, आवाज घोगरा. चिमणीसारखं तिच्यात काहीही नाही. नाव पडलं ते इयरफोनमुळे. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा यंत्राचा आवाज तिने इतक्या वेगाने लावलेला असतो की शेजाऱ्याला शब्द लागत नाहीत, नुसता चिवचिवाट ऐकू येतो. ती स्वतःही शब्द पुरे ऐकत नाही. पहिलं अक्षर कानावर पडलं की पुढचं कळलेलं असतं आणि बोट खालच्या ओळीवर गेलेलं असतं. वाक्य शेवटपर्यंत ऐकणं ही तिच्या धंद्यात नवशिक्याची खूण.

हा वेग तिला दादामुळे लागला. सातव्या वर्षी तापात तिची नजर गेली. तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा दादा तेव्हा सुटांच्या एका दुकानात कापड कापायला शिकत होता. कामावरून आला की तो तिची शाळेची पुस्तकं टेपरेकॉर्डरवर वाचून ठेवायचा. तो वाचायचा संथ, प्रत्येक शब्दाला शिवणीसारखी टीप घालत. ती टेप पळवून ऐकायची. पळवलेल्या टेपमध्ये दादाचा आवाज पोरीसारखा किनरा व्हायचा आणि धडा निम्म्या वेळात संपायचा. हे तिने त्याला कधी सांगितलं नाही. पुढे ती एका मोठ्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर झाली, आणि कक्ष उघडला तेव्हा परीक्षा देऊन इथे आली. लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं तर ती म्हणते, राहून गेलं. कामावर एकटी बसने येते. वळणं आणि थांबे कानांनी मोजावे लागतात म्हणून बसमध्ये कोणाचाही फोन घेत नाही. घरचे लोक हे जाणून आहेत. बाहेरचे रागावतात.

कक्षाचा नियम जुना आणि सरळ आहे. नियमावलीत अटी दिलेल्या आहेत. एका अटीत नापास, तर पान नापास. बाकी सगळं सोन्याचं असलं तरी परत. या नियमावर चिमणीताईचा सगळा दरारा उभा आहे.

गेल्या वर्षी तो नियम बदलायचं निघालं.

नव्या नियमावलीचा मसुदा ज्या एका गृहस्थांनी लिहिला त्यांना कक्षात 'मार्कवाले' म्हणतात. ते पूर्वी ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या मसुद्यात पास-नापास नाही, गुण आहेत. प्रत्येक अटीला वजन, सगळ्यांची बेरीज, बेरजेवरून श्रेणी. ठरावीक श्रेणीच्या वर असलेली वेबसाइट खुली करायची आणि उरलेले दोष सावकाश दुरुस्त करून घ्यायचे. शिवाय प्रत्यक्ष वापरणारी काही माणसं बसवून चाचणी घ्यायची, असंही एक कलम होतं.

मार्कवाल्यांकडे दाखला होता. एका छोट्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट अक्षरांचा रंग फिका म्हणून कक्षातून पुन्हा पुन्हा परत गेली. वाचनालयात माणसं दोन, त्यातली एक अर्धवेळ. शेवटी त्यांनी वेबसाइटच बंद केली. आता पुस्तक आहे की नाही हे बघायला सगळ्यांनाच, आंधळ्यालाही आणि डोळसालाही, तिथवर चालत जावं लागतं. एका विषयात नापास झालेल्या मुलाला वर्षभर घरी बसवून कोणाचं भलं होतं, असं ते प्रत्येक बैठकीत विचारत.

वाचनालयाचं पान परत पाठवणाऱ्यांमध्ये चिमणीताई नव्हती. रंग तिच्याकडे येत नाहीत. पण उत्तर द्यायला तीच उठायची. इमारतीत जिन्याचा एकच टप्पा बांधायचा राहिला आणि बाकी सगळे जिने उत्तम आहेत, तर त्या इमारतीला नव्वद मार्क द्यायचे का, असं तिचं म्हणणं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने नव्वद मार्कांचं काय करायचं? या जुगलबंदीला वर्ष झालं होतं. दोघांनाही एकमेकांची वाक्यं पाठ होती. शेजारी म्हणायचा की एकदा अदलाबदल करून बघा, कोणाला कळणारसुद्धा नाही.

शेवटची सुनावणी गुरुवारी होती. तिचं भाषण तयार होतं आणि त्यात ती आता काना-मात्राही बदलणार नव्हती.

मंगळवारी दुपारी दादाचा फोन आला.

दादा आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे. साखरेच्या आजाराने त्याच्या एका डोळ्याची नजर तीन वर्षांपूर्वी गेली, दुसऱ्या डोळ्याला उजेड तेवढा कळतो. दुकान सुटलं. वहिनी त्याआधीच वारली. दोन खोल्यांच्या घरात तो एकटा राहतो, आणि एकटाच राहणार म्हणतो. दुसऱ्या शहरात नोकरी करणारा त्याचा मुलगा त्याला आपल्याकडे बोलावतो. मुलगा वाईट नाही, घाबरट आहे. बरीच बोलाचाली झाल्यावर त्याने एक अट घातली होती. डोळ्याच्या तपासणीची तारीख बाबांनी दर महिन्याला स्वतः घ्यायची. सांगून नाही, कोणाकडून करून घेऊन नाही. ते जमलं तर बाकीचंही जमेल असं तो मानेल. नाही जमलं, तर महिनाअखेरीस येऊन सामान बांधेल. हॉस्पिटलने तारखा देणारी खिडकी बंद करून सगळं वेबसाइटवर नेलं होतं, त्यामुळे दुसरा मार्ग नव्हता.

"छोटे, ती तुझी वेबसाइट मला बाहेर काढते," दादा म्हणाला.

"माझी नाही ती. हॉस्पिटलची आहे."

"खाली तुमच्या कक्षाचा शिक्का आहे. मशीनने मला वाचून दाखवला."

"मग तुझंच काहीतरी चुकत असेल."

"असेल. चाळीस वर्षं माझंच चुकत होतं. गिऱ्हाइकाचं पोट कधी वाढलेलं नसायचं."

ती वेबसाइट तिनेच तपासली होती आणि पास केली होती. तिला त्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. दादाने दोनदा प्रयत्न केला होता, दोन्ही वेळा पान पुन्हा सुरुवातीला गेलं होतं, आणि या महिन्याच्या मोजक्याच तारखा उरल्या होत्या. संध्याकाळी येते, असं सांगून तिने फोन ठेवला. त्याची चूक नेमकी कुठे होते हे दाखवायला ती जाणार होती.

दादाच्या घरात वस्तू जागच्या जागी असतात. कात्र्या भिंतीवर आकाराप्रमाणे, मोजपट्टी दाराच्या खुंटीला. खिडकीजवळच्या कापायच्या टेबलावर आता मुलाने दिलेला संगणक आहे. ती शेजारी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, कर सुरू.

दादाने सुरू केलं. यंत्राचा आवाज संथ होता, तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता इतका. डॉक्टरांची यादी आली. पहिल्या डॉक्टरचं नाव. मग पदव्या. मग खोली, मजला, येण्याचे वार. मग दुसऱ्या डॉक्टरचं नाव. ताईची बोटं गुडघ्यावर आपोआप हलायला लागली.

"दादा, नाव कळलं की पुढे जा ना."

"तो बोलतोय अजून."

"कोण?"

"हा. सांगतोय तर सांगू दे. माणूस बोलत असताना मध्येच तोडायचं नसतं."

"दादा, ते माणूस नाही."

"नसू दे. मला सवय आहे. गिऱ्हाइकाचं पुरतं ऐकून घेतल्याशिवाय मी कधी कापड कापलेलं नाही."

तो ऐकत राहिला. आपले डॉक्टर आले, त्याने ते निवडले. वेळांची यादी सुरू झाली. ती निम्मी झाली असेल, एवढ्यात आवाज म्हणाला की वेळ संपत आली आहे, वाढवायची असल्यास बटण दाबा. दादाने ती सूचनाही शेवटपर्यंत ऐकली. मग बटण शोधायला एक एक ओळ खाली जाऊ लागला. उरलेल्या वेळा, हॉस्पिटलचा पत्ता, सूचना, पुन्हा पत्ता. बटणापर्यंत पोचायच्या आत पान पुसलं गेलं आणि स्वागताचं पान वाचायला सुरुवात झाली.

"हे बघ," दादा म्हणाला. "काढलं बाहेर."

ताई म्हणाली, पुन्हा कर. त्याने पुन्हा केलं. तिने या वेळी त्याला मध्येच तोडलं नाही. पान त्याच जागी पुसलं गेलं.

वेळ वाढवायचं बटण पानाच्या तळाशी होतं. तपासणारे लोक दोन कळा एकदम दाबून थेट तळाशी जातात. तिनेही तेच केलं होतं. नियमावलीची अट अशी की वेळेची मर्यादा असेल तर आधी सूचना मिळाली पाहिजे आणि वेळ वाढवायची सोय असली पाहिजे. सूचना होती. सोय होती. तिने दोन्हींपुढे 'आहे' लिहिलं होतं. तिच्या वेगाने ते पान इतक्या लवकर पुरं होतं की सूचना ऐकायला तिला मुद्दाम हात बांधून थांबावं लागलं होतं. तपासणाऱ्यांमधला कोणीही हे पान असंच पास करेल. त्यांच्यातलं कोणी सावकाश ऐकतच नाही.

तिने हे दादाला सांगितलं. सबब न देता, जसं घडलं तसं.

दादा खुर्चीत मागे टेकला. "म्हणजे कोट माझा, आणि माप तू स्वतःच्या अंगावर घेतलंस."

तिने मग कीबोर्डकडे हात नेला. "सरक. अर्ध्या मिनिटात तुझी तारीख घेऊन देते."

दादाने तिचं मनगट धरलं. "हात लावू नकोस. तू घेतलीस तर ती तुझी तारीख. तो मला विचारणार, बाबा, कोणी घेतली? साठीला आलो, आता पोराशी खोटं बोलू?"

"मग दोन कळांची युक्ती शिकवते. तळाशी जायची."

"मला शिकवशील. माझ्यासारखे बाकीचे? त्यांना कुठे बहिणी आहेत?"

त्याला चिडवायची लहर आली की तो असं बोलतो. पण या वेळी ते तिला चिडवणं वाटलं नाही. तिने पांढरी काठी हातात घेतली. निघताना तिने दादाला एवढंच विचारलं की हॉस्पिटलच्या नव्या तारखा कधी खुल्या होतात. शुक्रवारी, सकाळी आठला, तो म्हणाला. आताच्या उद्यापर्यंत भरतील, आणि या महिन्यातल्या त्या शेवटच्या.

बुधवारी कक्षात वेगळा प्रकार घडला. ताईने यंत्राचा वेग तळाला नेला आणि आपणच पास केलेली पानं पुन्हा काढली. शेजाऱ्याने थोडा वेळ कान दिला.

"आज चिमणी कुठे गेली? हा तर बैल रवंथ करतोय."

"ऐकू नकोस."

"कसं ऐकू नको? शब्द कळायला लागलेत ना आता. रेशनिंगच्या पानावरचं मलाही पाठ झालं."

दुपारपर्यंत तिला अशी आणखी काही पानं सापडली, जी सगळ्या अटी पाळत होती आणि सावकाश ऐकणाऱ्याला मध्येच बाहेर काढत होती. यांतलं एकही पान तिला परत पाठवता येत नव्हतं. अट मोडलेली नव्हती. तिने हॉस्पिटलची वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं. मुलगी समंजस होती. बटण सूचनेच्या शेजारी आणणं फार अवघड नाही, ती म्हणाली, पण पास झालेल्या पानाला हात लावायला वरचे लोक लेखी कारण मागतील. कारण नियमात नव्हतं.

मग ती कक्षप्रमुख मॅडमकडे गेली. उद्याच्या भाषणात हे सगळं सांगणार असल्याचं तिने सांगितलं. मॅडमनी दार लावून घेतलं. जुना नियम वाचवायला कक्षातर्फे ती एकटीच बोलणार होती. गुणांचा मसुदा मंजूर झाला तर कुठलंच पान कधी परत जाणार नाही, हे मॅडमना तिच्याइतकंच कळत होतं.

"ताई, तुम्ही उद्या उभं राहून सांगणार की आपण पास केलेलं चुकलं. मार्कवाल्यांना दुसरं काय हवंय? आयतं कोलीत देताय त्यांच्या हातात."

"चुकलेलं आहे, मॅडम."

"आहे ना. सुनावणी झाल्यावर आपण आतल्या आत दुरुस्त करू."

"आतल्या आत करायला नियम नाही. आणि शुक्रवारी सकाळी आठला तारखा खुल्या होतात."

मॅडमनी विचारलं की एका भावासाठी सगळ्यांचा नियम पणाला लावणार का. ताई म्हणाली की नियम सगळ्यांसाठी आहे असं आपण वर्षभर सांगतोय, आणि एका भावालाही तो पुरला नाही. मॅडमनी मनाई केली नाही. फक्त म्हणाल्या, बोलायचंच असेल तर नीट बोला, रडूबिडू नका. इतक्या वर्षांत ताईला रडताना कक्षात कोणी पाहिलेलं नाही, त्यामुळे हा सल्ला दोघींनाही थोडा विनोदी वाटला.

गुरुवारची सुनावणी तळमजल्यावरच्या सभागृहात झाली. मंचावर समिती, मध्ये अध्यक्ष. खाली वेबसाइट बनवणाऱ्या कंपन्यांची माणसं, कचेऱ्यांचे अधिकारी, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप ती मंडळी. मार्कवाले आधी बोलले. वाचनालय, नापास मुलगा, सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मग चिमणीताई उठली. जिन्याबद्दल काही न बोलता तिने हॉस्पिटलच्या वेबसाइटची सगळी हकिगत सांगितली. दादाचं नातं लपवलं नाही, मुलाची अट सांगितली नाही.

"हे पान मी पास केलं," ती म्हणाली. "अटी पाळून पास केलं. आज पुन्हा आलं तरी मला ते पासच करावं लागेल."

सभागृहात कुजबुज झाली. मार्कवाले बसल्या जागेवरून म्हणाले, "म्हणजे नियम अपुरा आहे."

"अपुरा आहे. माणसं बसवून तपासा हे तुमचं कलम बरोबर होतं, मी उगाच विरोध केला. आता तुमच्या मसुद्याने या पानाला मार्क द्या."

मार्कवाल्यांनी कागद पुढे ओढला. ते प्रामाणिक गृहस्थ आहेत, त्यांनी खरोखर बेरीज केली. "ब्याण्णव."

"पास?"

"उत्तम श्रेणी."

"माझ्या भावाला तारीख मिळाली का?"

त्यांनी पेन खाली ठेवल्याचा आवाज माइकमध्ये आला. "नाही," ते म्हणाले.

अध्यक्षांनी तिला विचारलं, मग नेमकं काय हवं आहे. तिने दोन गोष्टी मागितल्या. प्रत्येक पान एकदा सगळ्यात कमी वेगाने तपासलं जावं, आणि तेही तपासणीचा धंदा नसलेल्या माणसाकडून. आणि ज्या दोषामुळे हातातलं काम पुरंच होत नाही, तो बेरजेत धरला जाऊ नये. तिथे जुनाच नियम राहावा, पान परत. बाकी लहानसहान दोषांना मार्क द्या, ती म्हणाली, वाचनालयाच्या फिक्या रंगालासुद्धा द्या, त्यावरून माझं भांडण नाही.

वर्षभरात तिने पहिल्यांदाच काही सोडलं होतं. मार्कवाले मान हलवत होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक बाई उठल्या.

"ताई, रंगावरून तुमचं भांडण नसेल. माझं आहे. फिकं अक्षर मला दिसतच नाही. माझ्यासाठी दार तिथेच बंद होतं. तुम्ही ते परस्पर कसं काय देऊन टाकलंत?"

लोक हसले. ताईला हसू आलं नाही. मंगळवारी दादाने मापावरून जे ऐकवलं होतं तेच आता ती भरसभेत पुन्हा करून बसली होती. तिने बाईंची माफी मागितली आणि रंगाबद्दलचं वाक्य मागे घेतलं. कुठल्या दोषाने कोणाचं काम अडतं हे तपासणाऱ्याने ठरवू नये, ज्याचं अडतं त्याला विचारावं, असं तिने अध्यक्षांना लिहून घ्यायला सांगितलं. मार्कवाले उठून म्हणाले, मग वाचनालयाचं काय? वाचनालयाला मदत करणारा माणूस द्या, चष्म्याच्या बाई म्हणाल्या, आम्हाला मार्क नकोत. त्यावर वेळ संपेपर्यंत वाद झाला आणि तो मिटला नाही.

अध्यक्षांनी चहाच्या सुट्टीत दोघांना एका बाकावर बसवलं आणि ज्यावर एकमत आहे तेवढंच लिहून आणा म्हणाले. मार्कवाल्यांना 'शक्यतो' हा शब्द हवा होता. ताईने तो तीनदा काढून टाकायला लावला.

"सर, तुम्ही वर्गात मुलांना सांगायचात का, शक्यतो कॉपी करू नका?"

"तुम्ही माझ्या वर्गात असता तर मी लवकर निवृत्त झालो असतो," मार्कवाले म्हणाले, आणि त्यांनी शब्द काढला.

समितीने दुपारी निकाल दिला, तो अर्धाच आहे. गुणांचा मसुदा मंजूर झाला नाही आणि फेटाळलाही नाही. रंगाचा प्रश्न चष्म्याच्या बाईंसह एका उपसमितीकडे गेला आहे, आणि तिथे मार्कवालेही आहेत, तेव्हा तो लवकर सुटेल असं कोणाला वाटत नाही. पण काम पुरं होऊ न देणारा दोष म्हणजे पान परत, हे कायम राहिलं. कमी वेगाच्या तपासणीचं कलम तीन महिन्यांसाठी लागू झालं, लगेच, आणि आधी पास झालेल्या पानांनाही.

निकालाची प्रत हातात पडताच चिमणीताई तिसऱ्या मजल्यावर गेली. तिने हॉस्पिटलचं पान उघडलं, वेग तळाला नेला आणि कोठीतल्या शिपायाला बोलावून, स्क्रीन बंद करून आपल्या खुर्चीत बसवलं. त्याने आयुष्यात कधी असा आवाज वापरला नव्हता. तोही वाक्यं शेवटपर्यंत ऐकत होता. पान त्याच जागी पुसलं गेलं. ताईने चौकटीत लिहिलं, 'परत. वेळेचं बटण.' शिक्का काढून घेतला. आपण दिलेला शिक्का परत घ्यायची तिची ही पहिलीच वेळ. तिने लगोलग त्या मुलीला फोन लावून सांगितलं की लेखी कारण पाठवलंय.

पाचच्या सुमाराला मुलीचा फोन आला. बटण आता सूचनेच्या आत आहे, आणि कुठलीही कळ दाबली तरी वेळ वाढते. शिपायाला घरी जाण्याआधी पुन्हा बसवलं. या वेळी त्याने पान शेवटपर्यंत नेलं आणि विचारलं, आता ही डोळ्याच्या डॉक्टरची तारीख कोणाच्या नावावर लावू? शेजाऱ्याने त्याच्या हातून कीबोर्ड काढून घेतला.

संध्याकाळी ताईने दादाला फोन केला. पान दुरुस्त झालं एवढंच सांगितलं. कुठे काय हलवलं ते सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. मुलाला त्याने कळवून ठेवलं होतं की सकाळी साडेआठच्या आधी फोन करू नकोस, दोन आवाज एकदम झाले की मला एकाचंही नीट ऐकता येत नाही. मग त्याने सहज म्हणून विचारलं, तुला मी लहानपणी टेपवर वाचून द्यायचो, ते तरी पुरं ऐकायचीस का?

"पळवून," ती म्हणाली.

दादा हसला. "तरीच मार्क कमी पडायचे."

सकाळी येऊ का, असं तिने विचारलं नाही. तिच्या टेबलावर उद्यासाठी रेशनिंगचं पान लावून ठेवलं आहे, वेग तळाला. हॉस्पिटलच्या तारखा सकाळी आठला खुल्या होतात. त्या वेळी ती बसमध्ये असते, आणि बसमध्ये ती फोन घेत नाही.